विश्लेषण : करोनाने नव्हे, पण करोनाकाळात आई-वडील गेले... आकडेवारीबाहेरचे हे दुःख इतके का रेंगाळते?

एप्रिल २०२१ मधले एक प्रातिनिधिक घर डोळ्यांसमोर आणा. सत्तरीतले वडील पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने जातात. करोना चाचणी निगेटिव्ह असते. मुलगी बंगळूरुमध्ये, तिला निघून पोहोचेपर्यंत थांबणे शक्य नसते. तिरडीला खांदा द्यायला चार माणसे जमवताना मुलाची दमछाक होते. शेजारी आपापल्या दारातूनच हात जोडतात. मुलगी मोबाइलवर अंत्यसंस्कार पाहत असते आणि नेमके अग्नी देताना नेटवर्क जाते. त्यानंतर फोन करणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘‘करोना होता का?’’ ‘‘नाही’’ म्हटले, की पलीकडून सुटकेचा निःश्वास. ‘‘मग ठीक आहे.’’

या मुलांसाठी मात्र काहीच ठीक नसते. वडील गेले ते गेलेच, पण त्या दिवसांत देशावर एवढे मोठे संकट होते, की स्वतःच्या दुःखाविषयी बोलणेही त्यांना अप्रशस्त वाटले. आता या सगळ्याला पाचेक वर्षे होत आली, तरी अनेक घरांत हा विषय निघाला की शब्द अडतात. असे का होते? राष्ट्रीय आपत्तीच्या काळात घरातले माणूस वेगळ्याच कारणाने गेले, तर त्या शोकाचे काय होते?

असे किती जण होते?

करोनाकाळाचा विचार करताना डोळ्यांसमोर येतात ते करोनाबळींचे आकडे. अधिकृत नोंदीनुसार देशात करोनाने सुमारे ५ लाख ३३ हजार जण दगावले. त्यांत महाराष्ट्रातील मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार, म्हणजे देशात सर्वाधिक. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख इतका दिला. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

नागरी नोंदणी व्यवस्थेची आकडेवारी आणखी एक चित्र दाखवते. देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली होती. २०२१ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी २ लाखांवर गेला. ही सगळी वाढ करोनाची नाही, नोंदणी सुधारल्याचाही त्यात वाटा आहे, असे सरकारचे म्हणणे आहे. तो वाद बाजूला ठेवून साधा भागाकार करून पाहू. २०२१ मध्ये अधिकृतपणे करोनाबळी ठरलेल्यांची संख्या ३ लाख ३० हजारांच्या आसपास होती. म्हणजे त्या वर्षी नोंदवल्या गेलेल्या दर ३० मृत्यूंपैकी साधारण एक मृत्यू करोनाच्या यादीत होता. उरलेले २९ हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात, वार्धक्य, अपघात किंवा निदानच न झालेल्या आजाराचे. त्यांतही काही मृत्यू प्रत्यक्षात करोनाचे असू शकतील. पण कागदावर ते ‘इतर’ होते आणि घरच्यांच्या वाट्याला आलेली परिस्थिती मात्र बरीचशी सारखी होती.

नियम नेमके काय होते?

केंद्रीय गृह मंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अंत्यसंस्काराला २० पेक्षा जास्त लोक नसावेत, अशी अट होती. मृत्यूचे कारण काहीही असो, ही अट सर्वांना लागू होती. दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’चे आदेश काढले, तेव्हाही मर्यादा २० जणांचीच राहिली.

करोनाने मृत्यू झाल्यास नियम आणखी कडक होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांनुसार मृतदेहाला आंघोळ घालणे, मिठी मारणे यावर बंदी होती. मात्र कर्मचाऱ्याने पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना शेवटचे मुखदर्शन घडवावे, स्पर्श न करता मंत्रपठणासारखे विधी करू द्यावेत, असेही त्याच सूचनांमध्ये म्हटले होते. अस्थी आणि राखेपासून संसर्गाचा धोका नाही, हेही त्यात स्पष्ट होते. प्रत्यक्षात भीती नियमांच्या पुढे धावत होती. मुखदर्शनाची मुभा आहे, हे अनेक कुटुंबांना माहीतच नव्हते.

दफनाचा प्रश्न तर न्यायालयात गेला. वांद्रे येथील कब्रस्तानात करोनाबळींच्या दफनाला विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळल्या. सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याची भूमिका न्यायालयाने घेतली. पारशी समाजाच्या दोखमेनशिनी या पारंपरिक पद्धतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरावीक कार्यपद्धती मान्य होऊन मिटला. शेवटचा निरोप आपल्या रीतीने देता यावा, ही मागणी सर्वच धर्मांच्या लोकांची होती.

दहावा-तेरावा नीट झाला नाही, तर बिघडते काय?

श्रद्धेचा भाग प्रत्येकाचा वेगळा. पण या विधींचे एक व्यावहारिक कामही असते. माणूस गेले, की घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठले-भाकरी घेऊन येतात, सोयरे कडू घास आणतात. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या जातात. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. कावळा शिवेना, तर घरातला कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने सांगतो, ‘‘आईची काळजी करू नका, धाकट्याचे शिक्षण आम्ही पूर्ण करू.’’ कुणाचा त्यावर विश्वास असेल, कुणाचा नसेल. पण गेलेल्या माणसाला उद्देशून, चारचौघांसमोर, मनातले बोलायची ती एक हक्काची जागा असते.

तेराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता असतो. येणारा प्रत्येक जण ‘‘कसे झाले हो?’’ असे विचारतो आणि घरचे तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतात. पहिल्यांदा सांगताना वाक्य पुरे होत नाही. विसाव्यांदा सांगताना ते निदान पुरे होते. झालेली गोष्ट खरी आहे, हे मनाला अशा रीतीने थोडे थोडे कळत जाते. तेराव्याला गोड खाऊ घातले जाते, म्हणजे आता रोजच्या जगण्यात परत या, अशी समाजाने दिलेली परवानगीच.

करोनाकाळात ही साखळी जवळपास प्रत्येक टप्प्यावर तुटली. अनेकांना अस्थिकलश स्मशानभूमीतच ठेवावे लागले. नाशिकचे रामकुंड, आळंदी किंवा पंढरपूर गाठणे कित्येक आठवडे शक्य नव्हते. दहावा घराच्या गच्चीवर उरकला गेला, कुठे तोही राहिला. हकीकत विचारायला दारात कोणी आलेच नाही.

इतर आपत्तींपेक्षा हे वेगळे कसे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे काही क्षणांत गेली. गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. पण वाचलेले लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडू शकत होते. राज्यभरातून माणसे मदतीला धावली. भूकंप, पूर, रेल्वे अपघात अशा आपत्तींमध्ये धोका बाहेरचा असतो आणि आधार माणसांचा असतो. साथीच्या रोगात माणूसच माणसासाठी धोका ठरतो. सांत्वनाला जाणे हा धर्म होता, तो अचानक बेजबाबदारपणा ठरला.

शोकाच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवातही एका सार्वजनिक दुर्घटनेपासूनच झाली, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागून ४९२ जणांचा मृत्यू झाला. त्यांच्या आप्तांवर उपचार करताना मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी केलेली निरीक्षणे १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. घशात आवंढा दाटणे, श्वास लागणे, अपराधी वाटणे, रोजच्या कामाची घडी विस्कटणे ही लक्षणे त्यांनी नोंदवली. दुःख दाबून ठेवल्यास ते लांबणीवर पडते, संपत नाही, ही त्यांची नोंद आजही महत्त्वाची मानली जाते.

‘इतरांचे तर याहून वाईट झाले’, यात चूक काय?

मे २०२१ मध्ये देशात अनेक दिवस चार हजारांहून अधिक करोनामृत्यूंची नोंद होत होती. प्राणवायूसाठी धावणारी माणसे, स्मशानाबाहेरच्या रांगा रोज टीव्हीवर दिसत होत्या. अशा वेळी ७८ वर्षांची आई झोपेत गेली, तर लोक म्हणत, ‘‘सुटली बिचारी. भरल्या घरात गेली, हेच पुष्कळ.’’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एक संदेश जातो, की तुझे दुःख रांगेत मागचे आहे.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात अशा शोकासाठी एक संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘हक्क नाकारलेला शोक’ म्हणता येईल. जे दुःख उघडपणे मान्य केले जात नाही, ज्याचे जाहीर सुतक पाळता येत नाही आणि ज्याला समाजाचा आधार मिळत नाही, ते या प्रकारात मोडते. करोनाकाळातल्या ‘इतर’ मृत्यूंबाबत हा हक्क दुसऱ्या कोणी नाकारला असे नाही. अनेकांनी तो स्वतःच स्वतःला नाकारला. ‘लोकांची तरुण मुले जात आहेत, मी वृद्ध वडिलांसाठी काय रडू?’ या एका विचाराने कित्येकांनी डोळे पुसले आणि पुन्हा लॅपटॉप उघडला.

इथे हिशेबाची चूक होते. दुःख म्हणजे रेशनवरचे धान्य नव्हे, की एकाने जास्त घेतले तर दुसऱ्याला कमी पडेल. शेजाऱ्याच्या घरी तीन मृत्यू झाले, म्हणून आपल्या घरातली रिकामी खुर्ची भरून येत नाही. तुलना केल्याने दुःख कमी होत नाही, ते फक्त बोलायचे राहून जाते.

नामवंतांच्या वाट्यालाही हेच आले?

अभिनेते इरफान खान यांच्या आईचे २५ एप्रिल २०२० रोजी जयपूरमध्ये निधन झाले. इरफान तेव्हा मुंबईत होते. स्वतःचा आजार आणि टाळेबंदी, यांमुळे त्यांना अंत्यविधीला जाता आले नाही. चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, त्यांचेही मुंबईत निधन झाले आणि वर्सोव्याच्या कब्रस्तानात मोजक्या लोकांच्या उपस्थितीत दफनविधी झाला.

उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या वडिलांचे निधनही त्याच आठवड्यात, २० एप्रिल २०२० रोजी झाले. करोनाची जबाबदारी आणि टाळेबंदीचे नियम यांमुळे अंत्यसंस्काराला जाणार नसल्याचे त्यांनी पत्राद्वारे कळवले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२० च्या सुरुवातीला तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्या मातोश्री शारदाताई टोपे यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. राज्याच्या करोना लढ्याची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांच्याच घरात आईचे आजारपण सुरू होते.

क्रिकेटपटू मोहम्मद सिराजची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा शेवट अनेकदा राहून जातो. २० नोव्हेंबर २०२० रोजी हैदराबादेत रिक्षाचालक असलेले त्याचे वडील मोहम्मद घौस यांचे फुप्फुसाच्या आजाराने निधन झाले. सिराज ऑस्ट्रेलियात संघासोबत विलगीकरणात होता. परतण्याचा पर्याय मिळूनही तो थांबला. मेलबर्नला कसोटी पदार्पण केले, ब्रिस्बेनला डावात पाच बळी घेतले. २१ जानेवारी २०२१ ला मायदेशी परतल्यावर तो विमानतळावरून थेट कब्रस्तानात गेला. मृत्यू आणि कबरीवरची ती फुले यांत ६२ दिवसांचे अंतर होते. मैदानावरच्या कामगिरीने शोक संपला नव्हता, तो वाट पाहत थांबला होता.

या चौघांपैकी कोणाच्याही आई-वडिलांच्या निधनाचे कारण करोना सांगितले गेले नव्हते.

कागदावर काय फरक पडला?

सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निर्देशानंतर करोनाबळींच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरले आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने त्याला मान्यता दिली. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, यासाठी ग्राह्य धरला गेला. वादग्रस्त प्रकरणांसाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजना आणली. राज्यानेही अशा मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली.

ही मदत आवश्यकच होती. पण तिने एक रेषाही आखली. चाचणीच न झालेली माणसे, रुग्णालयात खाट न मिळाल्याने डायलिसिस किंवा केमोथेरपी लांबलेली माणसे या रेषेच्या पलीकडे राहिली. त्यातच देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी चारांतल्या एकाहूनही कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. कुटुंबाच्या हाती येणाऱ्या मृत्यू दाखल्यावर कारण सहसा लिहिलेले नसते. त्यामुळे ‘बाबा नेमके कशाने गेले?’ या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांना कधीच मिळाले नाही. ‘वेळेवर खाट मिळाली असती तर?’ हा प्रश्न मग वर्षानुवर्षे मनात घोळत राहतो.

शोकाचे पाच टप्पे असतात, हे खरे?

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे समाजमाध्यमांवर सतत फिरतात. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, पण मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचे ते वेळापत्रक नव्हते. शोक जिना चढावा तसा एकेक पायरीने पुढे जात नाही.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले प्रारूप रोजच्या अनुभवाशी अधिक जुळते. त्यांच्या मते शोकात असलेले माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करते. कधी ते आठवणीत बुडते, कधी बँकेचे खाते, घराचा हप्ता, मुलांची शाळा यांत गुंतते. दोन्ही गरजेचे असते. महासाथीत अनेकांना दुसऱ्याच टोकाला थांबावे लागले. नोकरी टिकवायची होती, घरातल्या उरलेल्यांना जपायचे होते. खासगी क्षेत्रासाठी शोक-रजेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे घरून काम करणारे कित्येक जण चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा ऑनलाइन बैठकीत बसले, कॅमेरा बंद ठेवून.

मदत कधी घ्यावी?

पाच वर्षांनंतरही आठवणीने डोळे भरून येणे, हा आजार नव्हे. बहुतेकांचा शोक कालांतराने सुसह्य होतो. मात्र काहींच्या बाबतीत तो तिथेच अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ समाविष्ट आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेनेही २०२२ मध्ये त्याला स्थान दिले. पहिल्या वर्गीकरणात किमान सहा महिने, दुसऱ्यात प्रौढांसाठी किमान एक वर्ष, असा कालावधी धरला आहे. एका जागतिक आढाव्यानुसार शोकग्रस्त प्रौढांपैकी सुमारे दहांतल्या एकाला हा त्रास होतो.

मृत्यूवर अजूनही विश्वास न बसणे, आठवण येईल अशी प्रत्येक जागा टाळणे, मन बधिर होणे, आपला एक भागच गेला असे वाटणे, जगण्यात अर्थ न वाटणे, ही लक्षणे जवळपास रोज असतील आणि रोजचे काम त्यामुळे अडत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.

राहून गेलेले आता करता येते?

येते. शोकाला मुदतीची अट नसते. तेव्हा न झालेली सभा वर्षश्राद्धाला, पितृपक्षात किंवा वाढदिवसालाही घेता येते. तेव्हा येऊ न शकलेले काका, मावशी, वडिलांचे कार्यालयातले मित्र यांना बोलवावे, जुने फोटो काढावेत, प्रत्येकाला एकेक आठवण सांगू द्यावी. शेवटच्या दिवसांबद्दल शंका छळत असेल, तर उपचारांची कागदपत्रे घेऊन परिचयाच्या डॉक्टरांकडून ती समजून घ्यावीत. ‘वाचवता आले असते का?’ याचे उत्तर प्रत्येक वेळी मिळेल असे नाही, पण ऐकीव अंदाजांपेक्षा माहिती बरी. भाऊ-बहिणींनी एकमेकांशी बोलणेही महत्त्वाचे. जो स्मशानात एकटा होता आणि जी मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होती, त्या दोघांचे दुःख वेगवेगळे असते. अनेक घरांत ते एकमेकांना सांगितलेलेच नाही.

नातेवाईक आणि मित्रांनाही उशीर झालेला नाही. त्या वर्षी कोणाचे आई-वडील गेले आणि भेटायला जाणे राहून गेले असेल, तर आजही जाता येते. तेव्हा फोनवर ‘‘करोना होता का?’’ एवढेच विचारले गेले होते. त्यांच्या आई-वडिलांविषयी विचारायचे अजून बाकी आहे.